जुन्या प्रवासी डब्यांचे जतन आणि स्वयंसेवकांचे श्रम : ब्रिटनमधील वारसा-रेल्वेंचा अनुभव

प्रस्तावना

वेल्समधील टॅलीलिन रेल्वे ही अवघ्या २ फूट ३ इंच रुंदीच्या रुळांवरून धावणारी एक छोटी गाडी. स्लेट दगडाच्या खाणींसाठी १८६० च्या दशकात ती बांधण्यात आली. १९४८ साली ब्रिटिश रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यातून ती सुटली. आणि जुलै १९५० मध्ये तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स यांचे निधन झाले, तेव्हा ती बंद पडणार असेच सर्वांनी गृहीत धरले होते. त्याच वर्षी ११ ऑक्टोबर रोजी बर्मिंगहॅम येथील इंपीरियल हॉटेलात अभियंता व लेखक एल. टी. सी. रोल्ट यांच्या पुढाकाराने एक सभा भरली, तीतून या रेल्वेच्या जतनासाठी एक संस्था उभी राहिली आणि १४ मे १९५१ रोजी त्या संस्थेच्या व्यवस्थापनाखाली पहिली गाडी धावली. स्वयंसेवकांनी चालवावयास घेतलेली ही जगातील पहिली रेल्वे मानली जाते.

या रेल्वेचे मूळचे चार चाकी प्रवासी डबे आजही धावतात, आणि त्यांचे एक वैशिष्ट्य जिज्ञासूंच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही : त्यांना दरवाजे एकाच बाजूस आहेत. १८६६ साली सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर यांनी मार्गाची पाहणी केली असता डबे आणि पुलांच्या भिंती यांमध्ये पुरेसे अंतर नसल्याचे त्यांस आढळले. पूल पाडून पुन्हा बांधणे कंपनीला परवडणारे नव्हते. तेव्हा एका बाजूची दारे कायमची बंद करावीत आणि पुलांखाली रूळ किंचित एका अंगास सरकवावेत असा तोडगा निघाला. कागदपत्रांतील ही एक ओळ आज डोळ्यांनी पाहता येते ती केवळ डबा शिल्लक आहे म्हणून. इंजिन जतन केल्याने हा इतिहास कळला नसता.

रेल्वेचा वारसा म्हटला की सामान्यतः वाफेच्या इंजिनाचा विचार होतो. इंजिनामागे जोडलेल्या डब्याकडे अभ्यासकांचे आणि हौशी मंडळींचे लक्ष फार उशिरा गेले. जुना प्रवासी डबा नेमका कसा जीर्ण होतो, त्याचा जीर्णोद्धार करताना कोणती कामे करावी लागतात, ती कामे विनावेतन काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या हाती कशी आली आणि या व्यवस्थेपुढे आज कोणत्या अडचणी उभ्या आहेत, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचन मुख्यतः ब्रिटनपुरते मर्यादित आहे, कारण ही चळवळ तेथेच जन्मली व तेथेच सर्वाधिक विस्तारली. भारताचा संदर्भ जेथे खरोखर जोडला जातो तेथेच घेतला आहे.

इंजिन वाचले, डबा जळाला

ब्रिटिश रेल्वेने ऑगस्ट १९६८ मध्ये आपल्या मुख्य मार्गांवरील वाफेची नियमित वाहतूक संपुष्टात आणली. तत्पूर्वीच्या दशकात हजारो इंजिने आणि त्यांहून कितीतरी अधिक डबे भंगारात निघाले. वेल्समधील बॅरी येथील वुडहॅम बंधूंच्या भंगार आवारात २९७ इंजिने पोहोचली. मालवाहू वाघिणी तोडणे अधिक सोपे व किफायतशीर असल्यामुळे तेथील इंजिने वर्षानुवर्षे समुद्राच्या खाऱ्या हवेत उभी राहिली, आणि त्या अवधीत हौशी मंडळांनी पैसे जमवून त्यांपैकी २१३ इंजिने सोडवून नेली. डब्यांच्या वाट्याला असे बॅरी आले नाही. लाकडी बांधणीचा डबा तोडताना भंगारवाल्यास त्यातील लोखंड व पितळ तेवढे हवे असे. लाकूड ही अडचण होती. म्हणून डबा सरळ पेटवून देत आणि राखेतून धातू वेचून घेत. ज्या इंजिनाचा पत्रा गंजला ते वीस वर्षांनीही दुरुस्त करता आले. जो डबा जळाला तो एका दुपारीच संपला.

जे वाचले ते बहुधा अपघाताने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच रेल्वे कंपन्या जुन्या डब्यांची चाके व खालचा सांगाडा काढून घेऊन वरची लाकडी पेटी स्वस्तात विकून टाकीत. शेतकऱ्यांनी ती कोंबड्यांच्या खुराड्यासाठी घेतली, कोणी समुद्रकिनारी सुटीचे घर केले, कोणी बागेतील अवजारांची खोली. पुढे त्यावर छप्पर घातले गेले, भिंतींना कागद चिकटवला गेला आणि आत डबा आहे हेही पुढील पिढी विसरली. व्हिक्टोरियन काळातील आज ज्ञात असलेल्या डब्यांपैकी पुष्कळसे याच मार्गाने टिकले आहेत. घर पाडताना प्लास्टरच्या आड क्रमांकाची पाटी किंवा ‘तृतीय वर्ग’ अशी अक्षरे सापडावीत आणि कोणीतरी जवळच्या वारसा-रेल्वेला कळवावे, हा प्रकार तेथे अनेकदा घडला आहे.

दुसरा अपघात भूगोलाचा. आइल ऑफ वाइट या बेटावरील रेल्वे मुख्य भूमीपासून तुटलेली आणि तिच्या बोगद्यांचा आकार लहान. त्यामुळे नवे डबे तेथे पाठवणे गैरसोयीचे होते आणि जुन्या कंपन्यांचे डबे वाफेच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९६६ पर्यंत, तेथे प्रवासी सेवेत राहिले. तेथील हौशी मंडळाने एक इंजिन व काही डबे विकत घेतले. त्यांना न्यूपोर्ट स्थानकातील जागा सोडावी लागणार होती, म्हणून रविवार, २४ जानेवारी १९७१ रोजी हा सारा सरंजाम रुळांवरूनच हॅवनस्ट्रीट येथे हलवण्यात आला. आज तेथील गाड्यांचे डबे हे त्या रेल्वेचे मुख्य आकर्षण मानले जाते; इंजिन कोणते लावले आहे हा प्रश्न दुय्यम ठरतो. असे अन्यत्र क्वचित दिसते.

कोणता डबा राखावयाचा यातही एक सामाजिक निवड दडलेली असते. राजेशाही सलून सर्वत्र जपले गेले. राणी व्हिक्टोरियाचे १८६९ सालचे सलून यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्ससाठी १८७५ साली केलेले सलून आणि म्हैसूरच्या महाराजांचे १८९९ चे सलून आहे. १९७७ साली खुल्या झालेल्या या दिल्लीच्या संग्रहालयाच्या उभारणीस माइक सॅटो या ब्रिटिश उद्योगव्यवस्थापकाचे मार्गदर्शन लाभले होते. ते व्यवसायाने रेल्वेतले नव्हते, हौसेने होते, ही बाब येथे नोंदवण्याजोगी आहे. परंतु ज्या बाकांवर बसून लक्षावधी माणसांनी प्रवास केला तो तिसऱ्या वर्गाचा डबा जपावा असे कोणाही सरकारी अधिकाऱ्यास सहसा वाटले नाही. भारतात पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरी १९५५ साली सुरू झाल्यावर लाकडी बांधणीचे डबे मागे पडत गेले आणि १९७४ साली तिसरा वर्गही कागदोपत्री संपला. मुंबई-पुणे मार्गावरील ‘दख्खनची राणी’ १ जून १९३० रोजी सुरू झाली. तिच्या मूळ डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडमधून आले होते, पण वरची पेटी जी. आय. पी. रेल्वेच्या माटुंगा कारखान्यात तयार झाली होती. हे डबे १९६६ साली बदलण्यात आले. तो काळ ब्रिटनमधील स्वयंसेवक मंडळांनी सामान्य प्रवाशांचे डबे विकत घेण्याचा होता, एवढे सांगितले म्हणजे दोन्हीकडील फरक ध्यानात येतो.

डब्याची रचना आणि त्याचा क्षय

जीर्णोद्धाराचे काम समजण्यासाठी डबा म्हणजे काय हे आधी पाहिले पाहिजे. आरंभीचा प्रवासी डबा हा वस्तुतः घोडागाडीचाच वंशज होता. घोडागाडी बांधणाऱ्या कारागिरांनी तीन गाड्यांच्या पेट्या एकापुढे एक ठेवून खाली चौकट दिली, आणि पुढे प्रत्येक कप्प्यास स्वतंत्र दार ही ब्रिटिश पद्धत दीर्घकाळ टिकली. डब्याच्या बाहेरील फळ्यांवरील वळणदार पट्ट्या, खिडक्यांचे गोलाई दिलेले कोपरे, रंगकामाच्या बारीक रेषा ही सारी त्या वंशाची खूण होय.

लाकडी डब्याचे तीन भाग पडतात. तळाशी चाके, स्प्रिंगा, ब्रेक आणि कपलिंग धारण करणारा सांगाडा. त्याला अंडरफ्रेम म्हणतात आणि तो आधी लाकडाचा, नंतर लोखंड-पोलादाचा असे. त्यावर खांब, तुळ्या आणि आडव्या पट्ट्या यांची चौकट, खाचेत कुसू बसवून जोडलेली. आणि त्या चौकटीवर बाहेरून पातळ फळ्या किंवा पत्रा, वरून छप्पर. चाकांतही लाकूड असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड मॅन्सेल यांनी सागाचे सोळा पाचरीसारखे तुकडे लोखंडी तुंबा व पोलादी धाव यांच्यामध्ये दाबून बसवलेले चाक तयार केले. ते चालताना आवाज कमी करी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे धाव तुटली तरी ती सुटून पडत नसे. २४ डिसेंबर १८७४ रोजी ऑक्सफर्डनजीक शिप्टन येथे चाकाची धाव तुटून झालेल्या अपघातात ३४ माणसे दगावली, तेव्हा या चाकाचे महत्त्व सर्वांना पटले.

अशा डब्याचा शत्रू एकच, पाणी. लाकडी छपरावर कॅनव्हासचे कापड शिशाच्या सफेद्यात बसवून त्यावर रंगाचे थर देत. काही वर्षांनी हे कापड फाटते किंवा कडेला सुटते, आणि पाणी आत शिरून खांबांच्या माथ्याशी साचते. खिडकीची काच चामडी पट्ट्याने खाली दारात उतरवण्याची सोय असे. काचेबरोबर पावसाचे पाणीही दारात उतरते. ते वाहून जाण्यासाठी दाराच्या तळाशी छिद्रे ठेवलेली असत. ती धुळीने व जुन्या तिकिटांच्या कपट्यांनी बुजली की दाराचा तळ आणि डब्याची खालची आडवी तुळई आतल्या आत कुजू लागते. बाहेरचा रंग शाबूत असतो. म्हणून जुना डबा पाहणाऱ्या जाणत्या माणसाचा हात प्रथम तळाच्या तुळईकडे जातो. तेथे टोचा रुतला तर वरचे सारे सौंदर्य फसवे असते.

उत्तरकालीन पोलादी डब्यांचा प्रश्न निराळा. ब्रिटिश रेल्वेने १९५१ पासून बांधलेले ‘मार्क १’ डबे हे आज बहुतेक वारसा-रेल्वेंचे रोजचे वाहन आहे. त्यांचा पत्रा तळाशी आणि दारांच्या कडेस गंजतो, आणि त्यांतील अनेक डब्यांच्या पत्र्याच्या आतून उष्णता व आवाज रोखण्यासाठी निळ्या अॅस्बेस्टॉसचा थर फवारलेला होता. तो काढण्याचे काम स्वयंसेवकाने करावयाचे नसते. त्यासाठी परवानाधारक कंत्राटदार लागतो आणि त्या खर्चामुळे कित्येक डबे वाचवणे मंडळांच्या आवाक्याबाहेर गेले. रूपाने साधा म्हणून ज्याची उपेक्षा झाली तो हा डबा वस्तुतः सर्वांत खर्चिक ठरू शकतो.

कार्यशाळेतील काम

जीर्णोद्धाराचा आरंभ हातोड्याने होत नाही, नोंदीने होतो. डबा उलगडण्यापूर्वी प्रत्येक फळीचे छायाचित्र घेणे, तुकड्यांना क्रमांक देणे, रंगाच्या थरांवर लहानसा खड्डा घासून मूळ रंग कोणता होता हे पाहणे, ही पुरातत्त्वीय पद्धत चळवळीने अनुभवातून स्वीकारली. आरंभीच्या वर्षांत तसे होत नव्हते. उत्साहाच्या भरात मूळचे पितळी हुक, दिव्यांचे कंस, पूर्वीच्या रंगाचे पुरावे फेकले गेले. फळ्यांच्या मागील बाजूस डब्याचे क्रमांक ठोकलेले, सुतारांनी पेन्सिलीने खुणा केलेल्या आढळतात. त्या खुणांवरून कोणता डबा कोणत्या वेळी बदलला गेला, दिवे तेलाचे होते की गॅसचे, हे कळते. गॅसचे दिवे हा केवळ सोयीचा विषय नव्हता : २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल येथे लाकडी, गॅसच्या दिव्यांच्या डब्यांनी पेट घेतला आणि दोनशेहून अधिक माणसे, बहुतांशी सैनिक, मरण पावली. वीज आल्यावर आसाच्या पट्ट्यावर चालणारा डायनॅमो आणि डब्याखालील बॅटऱ्या ही व्यवस्था रूढ झाली.

नोंद झाल्यावर सुतारकाम. संपूर्ण खांब बदलणे सोपे असते, परंतु चांगला भाग राखून कुजलेल्या टोकाला तिरका सांधा देऊन नवे लाकूड जोडणे हेच योग्य मानले जाते. यात वेळ पाचपट जातो. पगारी कारखान्यास हे परवडत नाही, स्वयंसेवकास परवडते, कारण त्याच्या तासाला बाजारभाव नाही. जतनाची नैतिकता आणि विनामूल्य श्रम यांचा संबंध येथे सर्वाधिक स्पष्ट होतो. ज्या कामाचा हिशेब तासांवर होतो तेथे जुने लाकूड नेहमी हरते.

लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे, म्हणजे सर नायजेल ग्रेस्ली यांच्या आराखड्याचे डबे या बाबतीत विशेष कसोटीचे आहेत. त्यांच्या बाहेरील फळ्या सागाच्या असून त्यांस रंग नसे, केवळ व्हार्निश असे. रंगाखाली लांबी भरून दोष झाकता येतो. व्हार्निशखाली काहीही झाकता येत नाही. जुना थर खरवडून काढणे, गंजलेल्या स्क्रूभोवती पडलेले काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाने उजळणे, नव्या फळीची नस शेजारच्या जुन्या फळीशी जुळवणे, मग पॉलिशपेपरने घासत घासत व्हार्निशचे एकामागून एक आठ-दहा हात देणे, असा हा क्रम. दोन हातांमध्ये धूळ बसू नये म्हणून जमीन ओली ठेवतात. सेव्हर्न व्हॅली आणि नॉर्थ यॉर्कशायर मूर्स या रेल्वेंवर अशा सागवानी डब्यांच्या गाड्या स्वयंसेवक गटांनी सिद्ध केल्या आहेत. त्यांतील एकेका डब्यास अनेक वर्षे लागली.

हा साग प्रामुख्याने ब्रह्मदेशातला. तेथील सागाच्या व्यापारात अग्रगण्य असलेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली मुंबईत स्थापन झाली होती, आणि १८८५ च्या तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धास तिच्याच लाकूडतोडीच्या वादाचे निमित्त झाले. ब्रिटिश डब्याचे सौंदर्य असे साम्राज्याच्या अर्थकारणाशी बांधलेले आहे. जीर्णोद्धाराच्या साहित्यात याचा उल्लेख क्वचितच आढळतो, ही उणीवच म्हटली पाहिजे. आज प्रश्न उलट्या दिशेने उभा आहे. म्यानमारमधील लष्करी सत्तांतरानंतर २०२१ साली तेथील सरकारी लाकूड महामंडळावर ब्रिटनने निर्बंध घातले. नवा साग मिळवणे अवघड झाले, आणि पाडलेल्या इमारतींतून निघालेल्या जुन्या सागास मोल आले.

रंगाच्या डब्यांचे काम याहून निराळे, पण कमी कष्टाचे नाही. अस्तर, लांबी, घासकाम, रंग, रेषा, सोन्याच्या वर्खाची अक्षरे आणि त्यावर व्हार्निश असे डझनाहून अधिक थर चढतात. आतील गादीकामात घोड्याचे केस भरून दोऱ्याने घट्ट शिवणे, गाद्यांवरील जाड लोकरी कापड मूळ नक्षीनुसार पुन्हा विणून घेणे हे आलेच. मागणी थोडी असली तर कापडगिरणी माग लावण्यास तयार नसते. म्हणून अनेक मंडळे एकत्र येऊन कापड मागवतात. ब्रेक आणि चाके यांविषयी लांबण लावण्याचे कारण नाही, कारण त्यात हौसेला वाव नाही. १२ जून १८८९ च्या आर्मा येथील अपघातानंतर प्रवासी गाड्यांना अखंड स्वयंचलित ब्रेक सक्तीचे झाले, आणि आजचा स्वयंसेवकही त्याच कायद्याच्या चौकटीत व्हॅक्यूम ब्रेकची चाचणी घेऊन सही करतो. सही करणाऱ्याची पात्रता तपासलेली असावी लागते; तो पगारी आहे की विनावेतन, याने नियम सैल होत नाही.

मूळ काय आणि नवे काय

घर किंवा खुराडे म्हणून टिकलेल्या पेटीला स्वतःचा सांगाडा नसतो. तो कोठून आणावयाचा? सदर्न रेल्वेच्या पार्सल व्हॅनचे सांगाडे विपुल उपलब्ध होते. ते कापून लहान करावयाचे, चाकांची रचना बदलावयाची आणि त्यावर व्हिक्टोरियन पेटी बसवावयाची, हा मार्ग अनेक मंडळांनी पत्करला. वर १८८० च्या दशकातील लाकूड आणि खाली त्यानंतर अर्धशतकाने ओतलेले पोलाद असा हा संकर होय. अभ्यासकाच्या दृष्टीने हे प्रामाणिक आहे काय?

याचे उत्तर ‘डबा कशासाठी ठेवावयाचा’ या प्रश्नावर अवलंबून आहे. संग्रहालयातील वस्तू पुरावा म्हणून ठेवली जाते, तेव्हा तिच्यातील प्रत्येक खिळा मोलाचा. वारसा-रेल्वेवरील डबा मात्र चालवण्यासाठी असतो, आणि चालणारी वस्तू झिजते. झिजलेला भाग बदलावा लागतो. पुन्हा पुन्हा बदलत गेले तर अखेरीस मूळ काय उरते, हा प्लुटार्कने थिसियसच्या जहाजासंबंधी नोंदवलेला जुना प्रश्न येथे वादाचा नसून दैनंदिन कामाचा असतो. युरोपीय वारसा-रेल्वेंच्या महासंघाने २००५ साली स्वीकारलेली रिगा सनद याच प्रश्नास सामोरी जाते. १९६४ च्या व्हेनिस सनदेचा आधार तिने घेतला आहे, परंतु एका महत्त्वाच्या बाबतीत ती पुढे जाते : रेल्वेची वस्तू चालवणे, आणि ती चालवण्याची व दुरुस्त करण्याची पारंपरिक कौशल्ये, यांनाही ती वारशात धरते. लाकूड नवे असले तरी ते जुन्याच पद्धतीने बसवले असेल, तर पद्धत टिकली. हे मत सर्वांस मान्य होईलच असे नाही. वाड्याचे खांब एकेक करून बदलले तरी वाडा तोच राहतो असे राहणारा म्हणतो, पुरातत्त्वज्ञ म्हणत नाही. दोघांचेही म्हणणे समजून घेऊन काम करावयाचे तर बदललेल्या प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवणे एवढा एकच मार्ग उरतो, आणि नेमके तेच काम कंटाळवाणे असल्यामुळे मागे पडते.

लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेचा १८९२ सालचा ३५३ क्रमांकाचा डबा या दृष्टीने उद्बोधक आहे. सेवेतून गेल्यावर तो दीर्घकाळ जमिनीवर इमारत म्हणून वापरात होता. भुयारी रेल्वेच्या दीडशेव्या वर्षानिमित्त वेल्समधील फेस्टिनियोग रेल्वेच्या बॉस्टन लॉज कारखान्यात त्याचा जीर्णोद्धार झाला, आणि जानेवारी २०१३ मध्ये तो लंडनच्या भुयारांतून वाफेच्या गाडीसोबत पुन्हा धावला. त्या गाडीतील इतर जुने डबे ससेक्समधील ब्लूबेल रेल्वेचे होते. मेट्रोपॉलिटनचेच हे डबे १९६१ साली त्या रेल्वेने घेतले होते आणि तिच्या कार्यशाळेत ते पुन्हा उभे राहिले होते. बॉस्टन लॉजमधील काम पगारी कारागिरांचे व अनुदानावर आधारलेले, तर ब्लूबेलच्या डब्यांमागे स्वयंसेवकांचे प्रदीर्घ श्रम. प्रवाशाला फरक जाणवला नसावा, आणि यातच स्वयंसेवकांच्या कामाची खरी पावती आहे.

छप्पर आणि पैसा

जीर्णोद्धार पूर्ण झालेला डबा उघड्यावर ठेवला तर काही वर्षांत पुन्हा कार्यशाळेत येतो. ही साधी गोष्ट मान्य होण्यास चळवळीला फार काळ लागला. देणगी मागावयाची तर इंजिनासाठी मागणे सोपे. पत्र्याच्या लांबलचक शेडसाठी कोणी भावनाविवश होत नाही. ब्लूबेल रेल्वेने आच्छादित निवाऱ्याच्या योजनेस ‘ऑपरेशन अंडरकव्हर’ असे विनोदी नाव दिले, ते देणगीदारांचे लक्ष वेधण्यासाठीच असावे. सेव्हर्न व्हॅली रेल्वेने किडरमिन्स्टर येथे चार रुळमार्गांची मोठी शेड बांधली, आणि तिच्या सागवानी डब्यांचे आयुष्य त्या शेडवर अवलंबून आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. यॉर्कशायरमध्ये कीघलीजवळील इन्ग्रो येथे व्हिंटेज कॅरेजेस ट्रस्टने केवळ डब्यांसाठी संग्रहालय उभारले आणि देशभरातील जतन केलेल्या डब्यांची सूची तयार केली. या ट्रस्टचे डबे चित्रपटांसाठी भाड्याने जातात. त्याच परिसरातील मार्गावर १९७० चा ‘द रेल्वे चिल्ड्रेन’ हा चित्रपट चित्रित झाला होता. चित्रपटाच्या एका दिवसाच्या भाड्यातून लाकूड येते. मात्र दिग्दर्शकास हवा तसा रंग तात्पुरता लावू द्यावयाचा की नाही, यावर मंडळांत मतभेद होतात.

वेगाची मर्यादा ही लाकडी डब्यांच्या दृष्टीने उपकारक ठरली आहे. ब्रिटनमधील बहुतेक वारसा-रेल्वे ताशी २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर, या मर्यादेत चालतात. मुख्य मार्गावरील गोष्ट वेगळी. १२ डिसेंबर १९८८ च्या क्लॅपहॅम अपघातात ३५ माणसे दगावल्यावर मार्क १ डब्यांच्या मजबुतीविषयी प्रश्न उभे राहिले आणि १९९९ च्या नियमांनी त्यांना मुख्य मार्गावरील नित्य सेवेतून टप्प्याटप्प्याने हटवले. जुन्या डब्याला वाचवायचे असेल तर त्याला हळू चालू द्यावे लागते.

हात

ब्रिटनच्या वारसा-रेल्वेंवर वीस हजारांहून अधिक स्वयंसेवक काम करतात. त्यांतील बहुसंख्यांना फलाटावर, सिग्नलवर किंवा इंजिनावर काम करावयाचे असते. डब्यांच्या कार्यशाळेत येणारे थोडे. तेथे गणवेश नाही, प्रवाशांचे हात हलवणे नाही. आहे तो भुसा, जुन्या रंगातील शिसे आणि तळाच्या तुळईशी वाकून काढलेला हिवाळा. दारावरील एका पितळी बिजागरीची घासपूस करण्यात निवृत्त शिक्षकाचा शनिवार जातो.

या मंडळींना शिकवले कोणी? आरंभीच्या दोन पिढ्यांना रेल्वेच्या कारखान्यांतील निवृत्त कारागिरांचा सहवास लाभला. पेटी बांधणारे, गादीकाम करणारे, रेषा मारणारे रंगारी हे स्विंडन, डॉनकॅस्टर, वोल्व्हर्टन, यॉर्क येथील कारखान्यांत उमेदवारी करून तयार झाले होते. स्विंडनचा कारखाना १९८६ साली आणि यॉर्कचा १९९६ साली बंद झाला. तेथून आलेली माणसे आता फारशी उरलेली नाहीत. रेषा मारताना लांब केसांचा कुंचला कोणत्या कोनात धरावा, छपराचा कॅनव्हास कडेने ताणावा की मधून, पावसाळी हवेत व्हार्निशचा हात द्यावा की थांबावे, हे पुस्तकात लिहिता येते, पण पुस्तकावरून हाताला कळत नाही. ज्यांनी ते प्रत्यक्ष कारागिराकडून घेतले त्या स्वयंसेवकांचेही आता वय झाले आहे.

तरुणांना आणावे तर कायद्याची अडचण. १९२० साली मुलांना औद्योगिक कामापासून वाचवण्यासाठी झालेला ब्रिटिश कायदा सक्तीच्या शालेय वयाखालील मुलांना रेल्वेसारख्या उद्योगात कामास मनाई करतो, आणि विनावेतन काम त्यातून सुटते की नाही हा वारसा-रेल्वेंच्या दृष्टीने अनेक वर्षे वादाचा विषय राहिला. २०१८ साली ब्रिटिश संसद सदस्यांच्या सर्वपक्षीय गटाने तरुण व वारसा-रेल्वे या विषयावर अहवाल दिला. गिरण्यांतील बालमजुरी रोखणारा कायदा डब्यास पॉलिशपेपर घासणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाआड यावा, हे त्याच्या कर्त्यांच्या मनात खचितच नव्हते. काही रेल्वेंनी पगारी उमेदवारीच्या योजना सुरू केल्या. परंतु उमेदवार शिकून तयार झाला की त्याला बाहेर अधिक वेतनाचे सुतारकाम मिळते, आणि तो जातो.

फेस्टिनियोग रेल्वेचा १५ क्रमांकाचा डबा १८७२ सालचा, ब्रिटनमधील पहिल्या बोगी डब्यांपैकी एक. त्याचा जीर्णोद्धार २००१ साली पूर्ण झाला. वेल्समध्ये पाऊस भरपूर पडतो. त्याच्या दारांच्या तळाची छिद्रे दर हंगामापूर्वी कोणीतरी तारेने साफ करावयाची असतात.